युरोपीय राजघराण्यांतील दोन व्यक्तींचे नाते कसे शोधावे

युरोपातील राजघराण्यांच्या वंशावळी मूळ पुरुषापासून खाली वाचायला घेतल्या, की थोड्याच वेळात गोंधळ उडतो, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक घराणे दुसऱ्याचे सोयरे असते. म्हणून दोन व्यक्तींचे नाते शोधताना खालून वर जावे. प्रत्येकीसाठी वेगळा तक्ता करून तिला १ हा क्रमांक द्यावा. पुढे कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्या व्यक्तीचे वडील आणि दुपटीत एक मिळवला की आई. त्यामुळे ४ ते ७ हे आजी-आजोबा, ८ ते १५ पणजी-पणजोबा आणि १६ ते ३१ खापरपणजी-खापरपणजोबा ठरतात.

१९४७ मध्ये विवाहबद्ध झालेल्या दुसऱ्या एलिझाबेथ आणि फिलिप यांचे तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. एलिझाबेथच्या तक्त्यात सहावा जॉर्ज २, पाचवा जॉर्ज ४, सातवा एडवर्ड ८ आणि राणी व्हिक्टोरिया १७ वर येते. फिलिपच्या तक्त्यात तीच व्हिक्टोरिया आईच्या बाजूने ३१ वर सापडते. दोन्ही आकडे १६ ते ३१ मधले, म्हणजे दोघेही तिची खापरपतवंडे. मात्र पहिला समान पूर्वज सापडला म्हणून थांबू नये. डेन्मार्कचा राजा नववा ख्रिश्चन एलिझाबेथकडे १८ वर, तर फिलिपकडे ८ वर आहे. तिचा तो खापरपणजोबा आणि त्याचा पणजोबा. या वाटेने फिलिप एलिझाबेथच्या वडिलांच्या पिढीतले, म्हणजे दूरचे काकाच लागतात!

नाते लिहिताना ‘कझिन’ म्हणून भागवू नये. मराठीत त्याहून नेमके शब्द आहेत. पाचवा जॉर्ज आणि रशियाचा दुसरा निकोलस यांच्या आया सख्ख्या बहिणी, तेव्हा ते मावसभाऊ. जर्मनीचा दुसरा विल्हेल्म मात्र जॉर्जचा आतेभाऊ.

नावांवर विसंबू नये, जन्मवर्षही लिहावे. डेन्मार्कची दागमार (१८४७) रशियात मारिया फ्योदोरोव्हना झाली. ब्रिटिश राजघराण्याने १९१७ मध्ये विंडसर हे नाव घेतले आणि तिथल्या बॅटनबर्गांचे माउंटबॅटन झाले, त्यामुळे आडनावावरून शोध घेणे व्यर्थ आहे.

एकाच तक्त्यात एक व्यक्ती दोन जागी आली, तर ती चूक समजून खोडू नये. स्पेनच्या दुसऱ्या चार्ल्सचे (१६६१–१७००) वडील चौथा फिलिप यांनी आपल्या सख्ख्या भाचीशी, मारियानाशी, लग्न केले होते. साहजिकच तिसरा फिलिप या तक्त्यात ४ वर आजोबा म्हणून येतो आणि १४ वर मारियानाचा आजोबा म्हणून पुन्हा येतो; त्याची पत्नी मार्गारेट तशीच ५ आणि १५ वर येते. अशा वेळी वरची शाखा दुसऱ्यांदा काढत बसू नये, तर १४ समोर ‘४ पाहा’ आणि १५ समोर ‘५ पाहा’ एवढेच लिहावे.