या चुका टाळा: काटकसरीचं घर, उरलेलं अन्न आणि उन्हाळ्यातले उद्योग

दात कोरून पोट भरत नाही, हे ठाऊक असूनही आपण कोरतोच. मी तर पुष्कळ कोरलेत. पण माझे फसलेले प्रयोग आठवून बघितले, तर पैसे कमी पडले म्हणून फसलेला एकही सापडत नाही. दर वेळी एखादी फुकटची पायरी गाळलेली असते: वाळू देणं, निवू देणं, धुणं, मोजणं, एक दिवस थांबणं. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्या आधी गळतात.

उरलेलं अन्न

सुरुवात स्वयंपाकघरापासून, कारण इथली चूक नुसती वाया जात नाही, पोटात जाते.

सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे रात्री उरलेलं भांडं ओट्यावरच झाकून ठेवायचं आणि ‘सकाळी चांगलं उकळून घेऊ’ म्हणायचं. उकळलं की सगळं मरतं, हा समज भाताच्या बाबतीत तर साफ चुकीचा आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही तगतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यातून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेला जुमानत नाही. जिवाणू मरतील, विष तिथंच राहील. शिळ्या कढीला ऊत आणून ती ताजी होत नाही, हे आपली भाषा केव्हाची सांगते आहे.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या सुखाचा पट्टा. अन्न त्यात जितकं कमी रेंगाळेल तितकं बरं. म्हणून शिजवल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवं, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. उन्हाळ्यात हा दुसरा आकडाच धरून चाला.

यावर नेहमीचा प्रश्न: ‘पण गरम भांडं फ्रिजमध्ये कसं ठेवायचं?’ अख्खं पातेलं ठेवूच नका. आजूबाजूचे पदार्थ तापतात आणि पातेल्याचा मधला भाग तरीही कित्येक तास कोमट राहतो. भात पसरट ताटात पातळ पसरा. सूप किंवा रस्सा उथळ डब्यांमध्ये वाटून घ्या, थर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. पातेलंच निववायचं असेल तर गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा. वाफ जिरली की डबे आत. फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं, आणि ते दारावरच्या आकड्यावरून नाही तर आत थर्मामीटर ठेवून बघावं.

तिथून पुढं शिजवलेलं बहुतेक अन्न तीन-चार दिवस टिकतं. भात मात्र मी दुसऱ्याच दिवशी संपवते. डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. ‘वास घेऊन बघू’ ही तपासणी नव्हे, कारण आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना वास असेलच असं नाही.

गरम करताना खायचं तेवढंच काढा. सगळं तापवून उरलेलं परत आत ठेवणं म्हणजे त्या कोमट पट्ट्यातून आणखी एक फेरी. आतपर्यंत ७४ अंश गाठायला हवेत, म्हणजे नुसत्या कडा नाहीत, मधूनही वाफा यायला हव्यात. मायक्रोवेव्ह एका जागी चटका देतो आणि शेजारी गार ठेवतो, म्हणून मध्येच थांबवून ढवळायचं आणि शेवटी दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं. हीसुद्धा फुकटची पायरी.

आता चवीकडं. उरलेलं सगळं एका पातेल्यात लोटून ‘काहीतरी नवीन’ करायला गेलं की लगदा होतो. एकच उरलेला पदार्थ मुख्य धरा आणि त्याला काहीतरी ताजं, थोडं आंबट, थोडं कुरकुरीत जोडा. आधी शिजलेली भाजी सगळ्यात शेवटी घाला, ती फक्त गरम व्हायची आहे. परतायला भात गार आणि मोकळाच हवा, नुकताच उतरवलेला चिकटतो. आणि मीठ चाखल्याशिवाय घालू नका, ते उरलेल्या पदार्थात आधीच आहे.

झालंच खारट, तर बटाटा टाकून बसू नका. बटाटा खारट पाणी शोषतो, त्या पाण्यातलं मीठ तेवढं वेचून घेत नाही. मागं राहिलेला रस पूर्वीइतकाच खारट असतो. उपाय एकच: बिनमिठाचं काहीतरी घालून प्रमाण वाढवायचं.

पावाबद्दल थोडं. पाव शिळा होतो तो निव्वळ वाळून नव्हे. त्यातला स्टार्च पुन्हा स्फटिकासारखा बांधला जातो, आणि हे सगळ्यात झपाट्यानं घडतं ते फ्रिजच्याच तापमानाला. दोन दिवसांत संपेल एवढा पाव बाहेर ठेवा, बाकीच्याचे काप करून फ्रीजरमध्ये टाका. कडक झालेल्या पावावर पाणी शिंपडून तो गरम केला तर मऊ होतो, पण निवला की पुन्हा कडक, तेव्हा लगेच खायचा. बुरशी दिसली तर मात्र तेवढा तुकडा काढून भागत नाही. तिचे तंतू मऊ पावात दिसतात त्याहून बरेच खोल गेलेले असतात.

घर सजवताना

इथली माझी अपकीर्ती पुस्तकांच्या फळीवरून. जुनी फळी, नवा रंग, हात लावून पाहिला तर कोरडा. दुसऱ्याच दिवशी पुस्तकं रचली. महिन्याभरानं एक ओढलं, तर त्याच्या पुठ्ठ्याला रंगाचा पापुद्रा चिकटून आला. रंग कोरडा होणं आणि रंग पक्का होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरडा तो काही तासांत होतो, पक्का व्हायला कित्येकदा दोन ते चार आठवडे लागतात. तोवर जड वस्तू नको.

रंगाचे पोपडे निघत असतील, तर रंगाला नावं ठेवण्याआधी खालचा पृष्ठभाग आठवा. चकचकीत पॉलिशवर किंवा तेलकट हात लागलेल्या लाकडावर नवा रंग धरत नाही. धुवा, वाळवा, बारीक पॉलिश पेपरनं चमक मोडेपर्यंत घासा, धूळ पुसा, प्रायमर लावा. फार जुना रंग असेल तर कोरडं घासायच्या भानगडीत पडू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात घातक.

भिंतीला ओल असेल तर वरून रंग म्हणजे निव्वळ पैशांचा चुराडा. पाणी येतं कुठून ते आधी शोधा. एक सोपी चाचणी: प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट भिंतीला लावा आणि दिवसभरानं बघा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या दमट हवेची. दुसऱ्या परिस्थितीत खिडक्या उघडल्यानंही बरंच काम होतं.

रंगाची छटा इवल्या नमुन्यावरून ठरवू नये. मोठ्या कागदावर दोन हात मारा आणि तो कागद सकाळी, दुपारी, दिव्याखाली अशा वेगवेगळ्या वेळी भिंतीला लावून बघा. २७०० केल्विनच्या पिवळसर बल्बखाली जी भिंत ऊबदार दिसते, ती ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक बल्बखाली आजारी दिसू शकते. खरं तर खोली उदास वाटत असेल तर रंगाच्या डब्याआधी बल्ब बदलून पाहा.

सुती कापडाचे पडदे शिवण्याआधी कापड धुवा. आधी शिवलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि पडदा जमिनीपासून वर लटकत राहतो, पायजमा आखूड झाल्यासारखा.

मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटचं टेबल करायची हौस असेल तर त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं. ते, आणि शिक्काच नसलेलं, घरात आणू नका.

उन्हाळ्यातले उद्योग

मुलांचा फुगवायचा पोहण्याचा हौद खेळ संपला की लगेच रिकामा करून उलटा ठेवा. लहान मूल पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार होतो. पाणी झाडांना घाला, वाया जाणार नाही. बागेची नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यातलं पहिलं पाणी भाजण्याइतकं कढत असतं. ते जमिनीवर सोडून द्या, मगच मुलांच्या हातात नळी द्या.

साबणाचे फुगे लगेच फुटतात, अशी तक्रार सगळ्यांची. सहा वाट्या पाण्याला एक वाटी भांडी घासायचा पातळ साबण आणि चमचाभर ग्लिसरीन घ्या, हलक्या हातानं ढवळा, फेस होऊ देऊ नका आणि रात्रभर ठेवून द्या. मग भर दुपारी नको, पहाटे किंवा संध्याकाळी उडवा. कोरड्या तापलेल्या हवेत फुग्याच्या पापुद्र्यातलं पाणीच उडून जातं.

जास्त पिकलेली फळं कांडीवर गोठवताना मिश्रण चाखायला किंचित जास्तच गोड हवं, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते. साचा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. कांडी निघत नसेल तर ओढाताण नको, कढत पाणीही नको. साचा नळाच्या साध्या पाण्याखाली दहा सेकंद धरा, ती आपसूक सुटते.