हिरवं बटण, चार सेकंद आणि दोन टिंबं

गणेश चवथीला गोव्यात म्हापशाच्या घरी भावंडं जमायच्या आत जुना लॅपटॉप खेळता करायचा होता. लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, गेम घेऊन खेळायचं स्टीम हे ॲप टाकलं, सेटिंगमध्ये प्रोटॉन चालू केलं. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं हे साधन २०१८ पासून स्टीममध्येच मिळतं. 'प्ले' दाबलं. बटणाचं 'स्टॉप' झालं आणि चार सेकंदांत परत हिरवं 'प्ले'. ना एरर, ना काही.

ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घेऊन दोन संध्याकाळी वाया घालवल्या. त्यात पावसाने वीज जायची ती वेगळीच.

शेवटी स्टीम टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून सुरू केलं. धडाधड ओळी आल्या, त्यात 'कॉम्पॅटडेटा' हे नाव पुन्हा पुन्हा. तिथे ट्यूब पेटली! गेम जुन्या डी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइली ठेवणाऱ्या एनटीएफएस पार्टिशनवर होता. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी त्याच ड्राइव्हवर, 'कॉम्पॅटडेटा' या फोल्डरात, एक खोटी विंडोज उभी करतं, आणि तिच्यात 'सी:' अशा नावाची लिंक असते. विसर्गासारखी ती दोन टिंबं विंडोजच्या नियमाने फाइलच्या नावात चालत नाहीत. त्यावरच सगळं अडलेलं.

होम फोल्डरात, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीच्या एक्स्ट४ पार्टिशनवर जागा केली आणि स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमधून गेम तिकडे हलवला. पहिल्यांदा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्डाचे छोटे प्रोग्राम, तयार व्हायला वेळ लागतो. घाबरून बंद करू नका, मी एकदा केलं.

गेम सुरू झाला तेव्हा आई ओरडत होती, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला शिडी धर म्हणून.