एचआयव्ही प्रतिबंधाच्या अभ्यासकाचा संशोधन-प्रभाव कसा तपासावा

एखाद्या अभ्यासकाचे निबंध किती जणांनी उद्धृत केले, हे काही मिनिटांत कळते. त्याच्या कामामुळे लागण टाळण्याच्या पद्धतीत, सल्ल्यात किंवा सेवेत काय बदलले, हे शोधायला मात्र बराच वेळ लागतो. या क्षेत्रात खरा प्रभाव तिथेच असतो. त्यामुळे वेळेची वाटणी त्या हिशेबाने करा.

पहिले काम म्हणजे व्यक्तीची ओळख पक्की करणे. १६ अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख-क्रमांक) मिळवा आणि अभ्यासकाने स्वतः दिलेली निबंधांची यादी त्याच्याशी ताडून पाहा. आडनाव सामान्य असेल तर गूगल स्कॉलर या निबंध शोधण्याच्या सेवेत दुसऱ्याच कुणाचे निबंध त्याच्या नावावर जमा होतात. लग्नानंतर नाव बदललेल्या अभ्यासिकांची कामे दोन नावांत विभागली जातात. ही यादी चुकली तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

मग उद्धरणे मोजा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे निबंधांचे माहितीकोश आणि गूगल स्कॉलर यांचे आकडे कधीच जुळत नाहीत. गूगल स्कॉलर प्रबंध आणि अहवालही धरते, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा येतो. एकच स्रोत निवडा आणि आकड्यासोबत त्याचे नाव व पाहिल्याची तारीख लिहा. दोन अभ्यासकांची तुलना करताना एकाचा आकडा एका स्रोतातून आणि दुसऱ्याचा दुसऱ्यातून घेऊ नका. एच-निर्देशांक २० म्हणजे प्रत्येकी किमान २० उद्धरणे असलेले २० निबंध. हा आकडा वयासोबत वाढतो, कधी कमी होत नाही, त्यामुळे तरुण अभ्यासकावर त्यात अन्याय होतो. विषय आणि वर्ष लक्षात घेणारे मोजमाप हवे असेल, तर आयसाइट या उद्धरणे मोजणाऱ्या संकेतस्थळावर निबंधांच्या पबमेड क्रमांकांची (पबमेड म्हणजे वैद्यकीय निबंधांची सूची) यादी टाका. तिथला सापेक्ष उद्धरण-गुणोत्तराचा १.० हा आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून झालेल्या निबंधांची मध्यम पातळी दाखवतो. मात्र पबमेडमध्ये नसलेली समाजशास्त्राची, मानववंशशास्त्राची नियतकालिके त्यात येत नाहीत. वर्तनाच्या अभ्यासकाचे निम्मे काम तिथेच असू शकते.

आता संख्येपलीकडे जा. सर्वाधिक उद्धृत अशा पाच निबंधांना उद्धृत करणारे प्रत्येकी दहा-पंधरा लेख उघडा आणि उल्लेख कुठे आहे ते पाहा. प्रस्तावनेत इतर दहा नावांसोबत आलेला उल्लेख हलका समजावा. पद्धती विभागात 'ही प्रश्नावली वापरली' असे असेल तर ते वजनदार. कलंकाची भावना, निरोध वापरण्याचा आत्मविश्वास, जोखमीची जाणीव मोजणाऱ्या प्रश्नावल्या हे वर्तन-संशोधनाचे फार मोठे आणि दुर्लक्षित योगदान आहे. त्या भाषांतरित होतात, छोट्या केल्या जातात, आणि कित्येकदा मूळ निबंध उद्धृत न करता फक्त नावाने वापरल्या जातात. म्हणून प्रश्नावलीचे नाव संपूर्ण मजकुरात शोधा.

धोरणावरचा प्रभाव तपासताना बहुतेक जण एका जागी फसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक दस्तऐवजात अभ्यासकाचे नाव शोधतात, ते सापडत नाही आणि 'प्रभाव नाही' अशी नोंद होते. शिफारशी बहुधा पद्धतशीर आढाव्यांवर (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या लेखांवर) उभ्या असतात, त्यामुळे मूळ अभ्यासाचे नाव त्या आढाव्याच्या तक्त्यात दडलेले असते. एक पायरी मागे जाऊन तो तक्ता उघडा. वेगळी प्रसिद्ध झालेली परिशिष्टेही पाहा. कालावधीही पुरेसा धरा. प्रेप गोळीने (लागण होण्याआधीच घ्यायच्या प्रतिबंधक औषधाने) लागण ४४ टक्क्यांनी घटल्याचे आयप्रेक्स चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. मोठा धोका असलेल्या सर्वांसाठी जागतिक शिफारस २०१५ मध्ये झाली. दोन वर्षांपूर्वीच्या निबंधाचा धोरण-प्रभाव शून्य दिसणे साहजिक आहे.

निकाल नकारात्मक आला म्हणून काम निष्फळ ठरवू नका. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतील ५,०२९ महिलांच्या व्हॉइस चाचणीत प्रतिबंधक औषधाच्या गोळ्या व जेल परिणामकारक दिसले नाहीत. औषध सुमारे ९० टक्के वेळा वापरल्याचे सहभागी सांगत होत्या, पण तपासलेल्या रक्तनमुन्यांपैकी साधारण २५ ते ३० टक्क्यांतच औषध सापडले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी सांगितलेले वर्तन आणि प्रत्यक्ष वर्तन यांतली दरी ठळक केली. तुमच्या अभ्यासकाचे निष्कर्ष कशावर टेकलेले आहेत हेही याच नजरेने तपासा: फक्त मुलाखतीतल्या उत्तरांवर, की रक्ततपासणी, नवी लागण, औषधाची पातळी यांवरही?

बहुकेंद्री चाचणीत लेखकांची संख्या डझनावारी असते, त्यामुळे निबंधाच्या शेवटची योगदानाची टीप वाचल्याशिवाय श्रेय देऊ नका. आराखडा कुणी केला, माहिती कुणी गोळा केली, विश्लेषण कुणाचे, हे तिथे दिलेले असते.

शेवटी अहवालात प्रत्येक दाव्याशेजारी पुरावा ठेवा: दस्तऐवजाचे नाव, वर्ष, पान. 'या कामामुळे धोरण बदलले' असे तेव्हाच लिहा, जेव्हा दस्तऐवज तसे सांगतो. एरवी 'शिफारशीच्या आधारभूत अभ्यासांपैकी एक' इतकेच. ज्या समुदायासाठी काम झाले त्यातील संस्थांना ते साहित्य कधी मिळाले का, ते वापरतात का, हेही विचारा, आणि त्यांचे उत्तर अहवालात त्यांच्याच शब्दांत द्या.