बॅच फाइलमध्ये मराठी नावाचा फोल्डर कसा चालवावा

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांची हळदीची अडत आहे. सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी जाते आणि तिची प्रत संगणकावर ‘शेतकऱ्यांच्या पट्ट्या’ या फोल्डरात पडते. रोज रात्री हा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायला मी एक बॅच फाइल, म्हणजे विंडोजने एकामागून एक पाळायच्या आज्ञांची साधी फाइल, लिहिली. पहिल्याच रात्री, या आज्ञा चालतात त्या काळ्या खिडकीत ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेले एन यांची रांग उमटली. फोल्डर काही सापडला नाही.

त्याचं कारण असं. फाइल यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत होती. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘सांगली’ म्हणजे काना, अनुस्वार, वेलांटी धरून ६ चिन्हं, १८ बाइट. आमची खिडकी ४३७ क्रमांकाच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे कोणता बाइट कोणतं चिन्ह हे सांगणाऱ्या तक्त्यावर, होती. त्यात एका बाइटला एक चिन्ह, एकूण २५६, आणि देवनागरी एकही नाही.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ निवडा. ‘बीओएम’वालं, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण घालणारं, नको, त्या खुणेचे ३ बाइट पहिल्या आज्ञेला चिकटतात आणि ती ओळखूच येत नाही. एएनएसआय ही जुनी पद्धत तर मुळीच नको. मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मिळत नाहीत.

मग ‘एको ऑफ’ (आज्ञा खिडकीत उमटू न देणारी ओळ) याच्या खालीच ‘सीएचसीपी ६५००१’ लिहा, म्हणजे खिडकी यूटीएफ-८ वर येते. आज्ञा आणि आकडे अर्थातच इंग्रजी कळांनी. बॅच फाइल ओळीओळीने वाचली जाते, म्हणून पहिलं मराठी अक्षर येण्याआधी ही ओळ हवीच. नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणात घाला. व्हेरिएबलची नावं मी इंग्रजीच ठेवतो.

एवढं करूनही आमचा फोल्डर सापडेना! अडकलं होतं ते ‘ऱ्या’वर. हा आपल्या मराठीचा खास रफार संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ हे एकच चिन्ह घेऊन हलन्त, किंवा ‘र’ आणि सुटा नुक्ता घेऊन हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे, पण विंडोजच्या लेखी ती तीन वेगळी नावं. दिवाणजींचा कीबोर्ड वेगळा, माझा वेगळा. म्हणून नाव हाताने टाइप करू नका. फोल्डरवर एफ-२ दाबा, नाव कॉपी करा आणि तेच बॅच फाइलमध्ये चिकटवा. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ असलेल्या प्रत्येक नावाला हे लागू आहे.

खिडकीत चौकोन दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा तिथल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, एवढंच. विंडोज टर्मिनलमध्ये अक्षरं बरी दिसतात. खरी तपासणी पेनड्राइव्ह उघडूनच करा: फोल्डरचं नाव नीट वाचता येतंय का आणि आजची शेवटची पट्टी उघडतेय का, ते बघा.

रोबोकॉपी ही विंडोजची फाइली उतरवायची आज्ञा वापरत असाल तर नोंदीसाठी ‘लॉग’ऐवजी ‘युनिलॉग’ द्या, म्हणजे नोंदवहीतही नावं मराठीतच राहतील.