बिअरची टाकी ओतायची की विकायची, हे आधीच ठरवा

मी मुळात दुधातली. नऊ वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये काढली. पहाटे टँकर आला की परीक्षानळीत नमुना घ्यायचा, उकळत्या पाण्यात धरायचा आणि पाच मिनिटांत गुठळी दिसली तर टँकर परत. ड्रायव्हर कुरकुरायचा. पण "हे दूध जरा वेगळ्या चवीचं आहे, वेगळ्या नावानं विकू" असं कोणी कधी म्हणालं नाही.

पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवून विकणाऱ्या छोट्या कारखान्यात, क्वालिटीचं काम घेतलं आणि पहिल्याच वर्षी हे वाक्य ऐकलं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता, टाकीत हजार लिटर व्हीट बिअर, एकतीस तारखेची सगळी टेबलं बुक. नमुना काढला तर घोट संपताना ताकासारखा आंबटपणा. आदल्या आठवड्यात पीएच ४.३ होता, आता ३.७. पीएच जितका खाली, तितकी बिअर आंबट. मालकांना दाखवलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "मॅडम, सावर बिअर म्हणून लावू. पन्नास रुपये जास्त." सावर म्हणजे मुद्दाम आंबट बनवलेली बिअर. मी नवी होते, गप्प बसले. त्या रात्री निम्मी टाकी खपली. दर शनिवारी येणारे एक काका ग्लास परत करताना एवढंच म्हणाले, "ताकच द्यायचं असेल तर जिरं तरी घाला."

तुमच्या हातातही नुकताच कोणी पीएच मीटर आणि एक वही देऊन "क्वालिटी तुम्ही बघा" म्हटलं असेल, तर पहिलं काम मीटरचं नाही, वहीचं आहे. ज्या दिवशी बिअर शिजवायला घेता, त्याच दिवशी तिची हद्द लिहून काढा आणि खाली मालकांची सही घ्या. माझ्या वहीत व्हीट बिअरच्या पानावर असं आहे: पीएच ४.१ च्या खाली गेला तर विक्री बंद. घनता सलग दोन दिवस तीच आली नाही तर टाकी थंड करायची नाही. गरम केलेल्या नमुन्याला लोण्याचा वास आला तर थांबायचं. बस. आकडे तुमच्या रेसिपीप्रमाणे वेगळे असतील, पण ते टाकी रिकामी असताना ठरलेले हवेत. भरलेल्या टाकीसमोर उभं राहून कोणालाच नियम सुचत नाहीत, फक्त चारशे रुपये गुणिले दोन हजार ग्लास दिसतात.

आणखी एक गोष्ट इथे आड येते. बिघडलेली बिअर पिऊन माणूस आजारी पडत नाही. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) यांच्यापुढे रोगजंतू टिकत नाहीत. जे वाढतात ते चव नासवणारे. त्यामुळे "कोणाला काही होणार नाही ना?" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असंच आहे आणि तिथेच तुमचा मुद्दा पडतो. अशा वेळी मी शिकागोच्या गूज आयलंडची गोष्ट सांगते. बर्बनच्या पिंपांत मुरवलेली त्यांची बर्बन काउंटी स्टाउट म्हणजे लोक रांगा लावून घेतात अशी महागडी बिअर. २०१५ च्या मालात लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स नावाचा जिवाणू निघाला आणि २०१६ मध्ये कंपनीने गिऱ्हाइकांना पैसे परत दिले. त्याच वर्षाच्या मालापासून ती बिअर पाश्चराइज करायला लागले. तोवर ती कंपनी जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीच्या मालकीची झालेली होती, म्हणजे लॅबची कमतरता नव्हती. सावर म्हणून विकणं त्यांनाही सुचलं असतं.

आता चाचण्या. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली तेव्हा न गाळलेली बिअर लोकांना नवी होती, गढूळ ग्लास बघून माणसं बिचकायची. आज गढूळ नसेल तर विचारतात. गढूळपणावरून काहीच कळत नाही.

लोण्याच्या वासाची चाचणी रोजच्या रोज करण्यासारखी आहे आणि फुकट आहे. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या, दोन्हींत टाकीतली बिअर भरा. एक ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, दुसरी तशीच राहू द्या. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगा. गरम केलेलीला पॉपकॉर्नचा, लोण्याचा वास आणि दुसरीला काहीच नाही, याचा अर्थ तो वास देणारं डायअ‍ॅसिटिल अजून व्हायचं आहे, त्याचा कच्चा माल बिअरमध्ये शिल्लक आहे. टाकी गरमच ठेवा, दोन-तीन दिवस यीस्टला काम करू द्या. ते हा माल स्वतःच संपवतं. घाई करून थंड केलीत तर तोच वास आठवड्याने ग्लासात येईल. दोन्ही बरण्यांना वास आणि यीस्ट अजून जागं असेल, तरीही थांबाच. पण दिवसामागून दिवस वास कमी होत नसेल आणि वर पीएच उतरत असेल, तर पेडिओकोकस या बिअर नासवणाऱ्या जिवाणूचा संशय घ्या. त्यावर थांबणं हा इलाज नाही.

हुंगण्याचं काम सकाळी अकराच्या सुमारास, आल्याच्या चहाआधी. आमच्या किचनमध्ये साडेअकराला फोडण्या सुरू होतात, त्यानंतर माझ्या नाकावर माझाच विश्वास नसतो. आणि एकट्याने निकाल देऊ नका. तीन ग्लास भरा, दोनांत जुनी चांगली बॅच, एकात नवी. वेगळा कोणता ते वेटरना, हिशेबनिसांना, सगळ्यांना ओळखायला सांगा. आमच्या इथे सगळ्यात पक्कं नाक भांडी घासणाऱ्या मावशींचं आहे. त्या बिअरचा थेंब पीत नाहीत, नुसत्या हुंगतात.

दुसरी चाचणी उष्णतेची. प्रत्येक बॅचच्या चार बाटल्या बाजूला काढा: दोन फ्रिजमध्ये, दोन ३० अंशांवर. इन्क्युबेटर नसेल तर पुण्याच्या एप्रिलमध्ये माळ्यावरची खोली चालते. तीन आठवड्यांनी उघडा. गरम बाटली फसफसून बाहेर आली तर आत कोणीतरी अजून साखर खातंय. भरपूर ड्राय हॉप्स (बिअर शिजवून झाल्यावर, थंड असताना घातलेले हॉप्स) घातले असतील तर हॉप्समधली एन्झाइम्स न पचणारी साखर तोडून यीस्टला देतात. नाहीतर डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट शिरलेलं असतं, ते सगळ्यांनी सोडलेलं उष्टंही खातं. हे कॅनमध्ये घडलं तर कॅन फुगतो, फुटतो. म्हणून कॅन विकणाऱ्यांना ही चाचणी टाळता येणार नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर दोष भरताना शिरलेल्या हवेचा.

आंबटपणाचं मूळ शोधायला मात्र जंतूंच्या मागेच जावं लागतं. त्या एकतीस डिसेंबरनंतर मी पाच ठिकाणांहून स्वॅब घेतले: हीट एक्स्चेंजर, होज, नमुन्याचा कॉक, टाकीचं झाकण, खालचा व्हॉल्व्ह. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू वाढवणाऱ्या एमआरएस माध्यमाच्या नळ्यांत टाकून, हवा न लागू देता, ३० अंशांवर पाच दिवस. चार नळ्या स्वच्छ राहिल्या, खालच्या व्हॉल्व्हची दह्याच्या पाण्यासारखी झाली. पावसाळ्यात मूळ बटरफ्लाय व्हॉल्व्ह खराब झाला होता, नवा यायला वेळ होता, म्हणून मेंटेनन्सच्या दादांनी बोहरी आळीतून एक चकचकीत बॉल व्हॉल्व्ह आणून बसवला होता. गच्चीतल्या पाण्याच्या टाकीला तो उत्तम. पण त्यात गोळ्याच्या मागे पोकळी असते, तिथे बिअर अडकते आणि धुण्याचं कॉस्टिक पोहोचत नाही. उघडला तेव्हा आतून पिवळट साय निघाली. दादा म्हणाले, "ताई, बाहेरून तर रोज पुसत होतो." खरंच पुसत होते. व्हीट बिअरच का आंबली, तर हॉप्स लॅक्टोबॅसिलसला रोखतात आणि तिच्यात हॉप्स नावापुरते असतात. त्याच टाकीत भरपूर हॉप्सची आयपीए असती तर कदाचित महिनाभर कळलंही नसतं.

तेव्हा आठवड्याला एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह सुटा करून धुवा, गॅस्केट चिरलं असेल तर बदला. टॅपच्या नळ्या चौदा दिवसांनी कॉस्टिकने. ज्या दुकानांना माल देता तिथे अधूनमधून सकाळी लवकर जाऊन फ्रिजला हात लावून बघा. वीज वाचवायला रात्री फ्रिज बंद करणारे आहेत आणि शिव्या तुमच्या लेबलला पडतात.

इतकं करूनही एखादी बॅच जाईलच. वहीतली सही दाखवा, वाद घालू नका. एक्साइजच्या नोंदी आधी पुऱ्या करा. आणि हजार लिटर एकदम गटारात सोडू नका. बिअरचा सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट असतो, तुमच्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीतले जिवाणू गुदमरतात. पाणी मिसळत, दोन-तीन दिवसांत थोडी थोडी सोडा. रिकामी झाली की लगेच कॉस्टिक, मग पाणी, मग जंतू मारायला पेरासेटिक ॲसिड. हे सगळं बुधवारी रात्री सुरू करू नका. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं तर टाकी धुणार कशाने?