बाळाला स्कँडिनेव्हियन नाव ठेवायचंय? अर्थ शेवटी बघा

नाव तिकडचं ठेवायचं असं एकदा ठरलं की बहुतेक आईबाप अर्थासह दिलेली नावांची यादी उघडतात. मी क्रम उलटा सुचवेन. आधी देश, मग तिथला कायदा, मग उच्चार, मग त्या नावाची पिढी आणि अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थ बाळाला आयुष्यात चार-पाच वेळा कुणी विचारेल, हाक मात्र रोज पन्नास वेळा मारली जाईल. ती हाक ऑस्लोच्या पाळणाघरातल्या ताईला जमली पाहिजे आणि सातारच्या आजीलाही.

१. कुठल्या देशाचं नाव, ते पक्कं करा

स्कँडिनेव्हिया म्हणजे नेमकेपणाने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. आइसलँडची भाषा याच कुळातली, पण नावांची पद्धत वेगळी. फिनलंडची भाषा तर पूर्ण निराळ्या कुळातली. आइनो, ओन्नी ही नावं गोड आहेत, पण ती फिनिश आहेत, व्हायकिंगांची नव्हेत.

एकच नाव या तीन देशांत तीन प्रकारे लिहिलं-बोललं जातं. स्वीडनमधली 'सिंग्ने' डेन्मार्कमध्ये 'सीने' होते, स्पेलिंग तेच. 'मांग्नुस' तिकडे 'माउनुस' होतो. स्वीडिश 'फ्रेया' डॅनिश तोंडी 'फ्राय्या'च्या जवळ जाते. म्हणून आपलं मूल कुठे वाढणार आहे तिथला उच्चार धरून चाला.

२. कायदा वाचा, तो दिसतो तितका जाचक नाही

आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं, आत्याने कानात कुर्र केलं की काम झालं. तिकडे मुदत मोठी असते, पण ती कागदावर पाळावी लागते.

स्वीडनमध्ये जन्मापासून तीन महिन्यांच्या आत नाव कळवायचं, आणि तेही कर खात्याला. लोकसंख्येची नोंद तेच खातं ठेवतं. सध्याचा कायदा १ जुलै २०१७पासून लागू आहे. कुणाला अपमानकारक वाटेल, मुलाला त्रासदायक ठरेल किंवा उघडच अयोग्य असेल असं नाव नाकारलं जातं. बाकी बरीच मोकळीक आहे. मात्र याच कायद्यापासून अधिकृत 'मधलं नाव' नव्याने घेता येत नाही. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली सवय असेल तर ते आणखी एक पहिलं नाव म्हणून द्यावं लागेल. स्वीडिश मुलांना दोन-तीन पहिली नावं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यातलं कुठलंही एक हाक मारायचं नाव म्हणून नोंदवता येतं. ते पहिल्याच जागी हवं असं नाही. मराठी घरासाठी ही सोय फार कामाची आहे. एक नाव तिकडचं, एक इकडचं, आणि आजी-आजोबांपैकी कुणाचं राहून गेलं असेल तर तिसरं.

नॉर्वेतही नाव कर खात्याकडेच जातं, मुदत सहा महिन्यांची. तोवर कळवलं नाही तर मुलाला आपोआप आईचं आडनाव लागतं. काहींना हे मुळीच वाईट वाटणार नाही.

या तीन देशांत डेन्मार्कची पद्धत सगळ्यात काटेकोर. तिथे मान्य नावांची सरकारी यादीच आहे: मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, दोघांना चालतील अशी वेगळी. यादीतलं नाव लगेच नोंदवलं जातं, यादीबाहेरच्या नावासाठी अर्ज करावा लागतो. मुदत सहा महिने. जन्म आणि नावाची नोंद बहुतेक ठिकाणी स्थानिक चर्चचं कार्यालय ठेवतं. तुम्ही हिंदू असा, मुसलमान असा की नास्तिक, कार्यालय तेच. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, पण ते निव्वळ दप्तराचं काम आहे.

आइसलँडमध्ये १९९१पासून नावांची समिती आहे. नवं नाव आइसलँडिक व्याकरणात बसतं का, त्याची षष्ठी विभक्ती होते का, हे ती तपासते. यामागचं कारण मराठी माणसाला पटकन कळेल. तिथे बहुतेकांना आडनाव नसतं, वडिलांचं किंवा आईचं नावच पुढे लागतं. १९८०मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर म्हणजे फिन्बोगींची मुलगी विग्दिस. नावाला विभक्तीच लागली नाही तर पुढच्या पिढीचं नाव तयार होणार कसं?

३. मोठ्याने हाक मारा

इथे वेळ घाला. कागदावर छान दिसणारी बरीच नावं याच पायरीवर गळतात.

काही सूत्रं लक्षात ठेवा. रोमन लिपीतला 'जे' तिकडे 'य' होतो, म्हणून 'येन्स', 'योहान'. 'जे'च्या आधी 'एच' आला तर तो बोलत नाहीत, म्हणून 'यालमार'. स्वीडिशमध्ये काही स्वरांआधी 'जी'सुद्धा 'य' होतो, म्हणून आपण गोरान वाचतो तो असतो 'योरान'. 'केजे' असं लिहिलेलं नाव 'श'ने सुरू होतं, जसं 'शेल'. नॉर्वेत इंग्रिडच्या शेवटचा 'ड' बहुधा गिळतात आणि उरते 'इंग्री'. सोल्वेग तिथे 'सूल्वाय' होते.

आता मराठी कान लावा. डेन्मार्क-स्वीडनमध्ये मुलाचं 'काय' हे साधं नाव आहे. गावी कुणी विचारेल, "नाव काय?" आणि उत्तरही "काय". नॉर्वेजियन 'टोर', म्हणजे व्हायकिंगांचा तो हातोडेवाला देव 'थोर', बोलताना 'तूर' होतो. डाळ आठवल्याशिवाय राहत नाही. 'दाग' हे नाव भारदस्त आहे. १९५३ ते १९६१ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले हामरशोल्ड यांचं ते नाव, अर्थ 'दिवस'. आपल्याकडे मात्र कपड्यावरचा डाग. 'सोन्या' तिकडे राणीचंही नाव आहे, इकडे आपण लाडाने मुलाला सोन्या म्हणतो. यातलं काहीही हसून सोडून देण्याजोगं आहे. पण 'रांडी' हे नॉर्वेतल्या कितीतरी सभ्य बायकांचं नाव आहे आणि ते महाराष्ट्रात आणता येणार नाही. 'सिरी'ही सुंदर नाव, सिग्रिडचं छोटं रूप, आपल्या श्रीच्या जवळचं. पण २०११पासून त्या हाकेला फोन ओ देतो.

उलट काही नावं दोन्हीकडे आयती बसतात. 'एमएजेए' लिहिलं की तिकडे ते 'माया'च वाचतात. मीरा, नीना, अनिता तिथेही ओळखीची आहेत. घरात अरविंद आजोबा असतील तर 'अर्विद' हे जुनं स्वीडिश नाव बघाच. 'आस्ता' आस्थेच्या जवळ आहे. माझा कल अशा नावांकडे आहे, कारण दोन्ही आज्या त्यांचा सारखाच उच्चार करतात.

शेवटच्या अक्षराकडेही लक्ष द्या. तिकडे 'आ'कारान्त नाव बहुधा मुलीचं, तर ऊले, आर्ने, रूने हे सगळे मुलगे. त्यामुळे दुसरं नाव म्हणून 'आदित्य' दिलंत तर रोमन लिपीत शेवटी 'ए' येतो आणि पत्रं मुलीच्या नावाने येऊ शकतात.

४. नावाचं वय बघा

लार्स, अँडर्स, शेर्स्टिन, बिर्गिट्टा ही नावं परदेशी कानाला अस्सल वाटतात, पण तिथे ती आजी-आजोबांच्या पिढीची आहेत. पणजीच्या पिढीची मात्र परत आली आहेत: अल्मा, एल्सा, आस्ट्रिड, सिंग्ने. तिन्ही देशांची सांख्यिकी कार्यालयं नावांची आकडेवारी प्रसिद्ध करतात आणि एखाद्या नावाची किती माणसं आहेत तेही त्यांच्याकडे शोधता येतं. दहा मिनिटांचं काम आहे.

५. आता अर्थ

जुनी नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतली, नावं बहुतेक दोन तुकड्यांची. सिग म्हणजे विजय, आस म्हणजे देव, गुन म्हणजे युद्ध, हिल्ड म्हणजेही युद्ध, 'रिड' म्हणजे सुंदर. घराण्यातले तुकडे घेऊन नवं नाव जोडायची चाल होती, म्हणून गुन्हिल्डचा अर्थ 'युद्ध-युद्ध' होतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. अर्विदमध्ये गरुड आहे आणि झाड आहे, पण त्यातून 'झाडावरचा गरुड' असा समास सोडवू नका. संस्कृत नावांची सवय असल्याने आपला हात तिकडेच जातो.

लार्स, नील्स, योहान, कारिन ही तर लॅटिन, ग्रीक, हिब्रू नावांची घासून गुळगुळीत झालेली रूपं आहेत. धर्माचा विचार करणाऱ्या घरांनी हे आधीच बोलून घ्यावं.

निसर्गातली नावं हवी असतील तर ब्योर्न म्हणजे अस्वल, उल्फ म्हणजे लांडगा. मुलीसाठी मला सगळ्यात आवडतं ते लिनेआ. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस यांच्या वडिलांनी लिंडेनच्या झाडावरून आडनाव घेतलं, त्या आडनावावरून एका लहानशा गुलाबी रानफुलाला नाव मिळालं आणि त्या फुलावरून मुलींची नावं ठेवली जाऊ लागली.

६. कागदावर लिहून बघा

वर गोल असलेला 'ए', दोन टिंबं किंवा तिरकी रेघ असलेला 'ओ' या अक्षरांचं पासपोर्टच्या खालच्या यंत्राने वाचायच्या ओळीत रूपांतर होतं. गोलवाल्या 'ए'चे दोन 'ए' होतात, रेघवाल्या 'ओ'चं 'ओई'. विमानाच्या तिकिटावर भलतंच स्पेलिंग टाकलं की विमानतळावर खोळंबा होतो. सतत ये-जा होणार असेल तर साध्या २६ अक्षरांत बसणारं नाव बरं.

आईवडील भारतीय नागरिक असतील आणि मुलालाही भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद करावी लागते. तिथे नाव तिकडच्या जन्मदाखल्यावर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. हाक मारायचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ते पुढे आणायचा मोह टाळा. देवनागरी लेखनही त्याच दिवशी घरात सगळ्यांशी बोलून एकच ठरवा.