एकाच दिवशी दोन सामने? मधल्या वेळेतल्या या चुका टाळा

पहिला सामना झोकात खेळलेला खेळाडू दुसऱ्यात मंदावला की ‘स्टॅमिना कमी पडला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण आधी विचारा, मधल्या वेळेत त्याने काय खाल्लं, आणि कधी?

सगळ्यात महागात पडते ती भूक लागेपर्यंत थांबण्याची चूक. जोरकस खेळानंतर भूक काही काळ मरते, पण स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचं इंधन, तर खर्च झालेलं असतं. पुढचा सामना आठ तासांच्या आत असेल, तर पहिल्या चार तासांत दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. म्हणजे ६० किलोच्या खेळाडूला तासाला ६० ते ७२ ग्रॅम. एक मध्यम केळं आणि जॅम लावलेल्या ब्रेडच्या दोन स्लाइस यांत ते जवळपास भागतं. घास उतरत नसेल तर पातळ काहीतरी घ्या, पण सामना संपल्यापासून अर्ध्या तासात सुरुवात करा.

मात्र मध्ये तासभरच असेल, तर हा हिशोब लावू नका. थोडं केळं, स्पोर्ट्‌स ड्रिंकचे घोट, एवढंच. तीन-चार तास असतील तर सुरुवातीलाच भात किंवा पास्ता आणि सोबत थोडी प्रथिनं असं साधं जेवण चालतं. तळलेलं, खूप चीज घातलेलं किंवा कच्च्या भाज्यांनी भरलेलं ताट नको. स्निग्ध पदार्थ आणि तंतू (फायबर) पोटात रेंगाळतात. धावताना पोटात कळ येण्याचं, मळमळण्याचं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे दाट गोड ज्यूस. त्यात निम्मं पाणी घाला.

पाण्याच्या बाबतीत अंदाजावर जाऊ नका. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल, तर सव्वा ते दीड लिटर लागतं, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच. तेही एका दमात नव्हे, थोडं थोडं. घामातून मीठही गेलेलं असतं, म्हणून खाण्यात खारट काहीतरी ठेवा, नाहीतर नुसतं पाणी शरीरात टिकत नाही.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त धोक्याची आहे. भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखतंय, मळमळतंय, बोटं सुजलीत आणि वजन सामन्याआधीपेक्षा वाढलंय? रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. आणखी पाणी पाजू नका, आणि खेळाडू गोंधळल्यासारखा बोलू लागला तर थेट दवाखाना गाठा.

नवं एनर्जी जेल, नवी पावडर, कुणीतरी दिलेलं एनर्जी ड्रिंक यांची परीक्षा सामन्याच्या दिवशी घेऊ नका. ते सरावाच्या दिवशी घेऊन पाहा, तेही दोन सत्रांच्या मध्ये.